फिरत्या घरातला फ्रिज : एका ‘रिकॉल’मागचा शंभर वर्षांचा इतिहास

#थ्रेड

१/
ऑगस्ट २००६. डोमेटिक या कंपनीने अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला कळवले, की १९९७ ते २००३ या काळात तयार झालेल्या तिच्या सुमारे सव्वानऊ लाख फ्रिजमध्ये आगीचा धोका आहे. दोन प्रश्न सहज पडतात. फ्रिजचा महामार्गाशी संबंध काय? आणि गारवा देणाऱ्या वस्तूत आग आली कोठून?

२/
पहिल्याचे उत्तर सोपे आहे. हे फ्रिज ‘आरव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या घरांतले होते. बसएवढी मोटरहोम किंवा गाडीमागे ओढायचा ट्रेलर. आत बिछाना, शेगडी, न्हाणीघर. अमेरिकेत अनेक निवृत्त जोडपी वर्षाचे कित्येक महिने अशा घरात काढतात. रानात मुक्काम पडला की वीज नसते, पण सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो. म्हणून तिथला फ्रिज गॅसच्या ज्योतीवरही चालतो.

३/
ज्योत पेटवून बर्फ करायचा! दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या चमत्कारातच आहे आणि त्यासाठी १९२२ च्या स्टॉकहोमला जावे लागते. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स हे पंचविशीच्या आसपासचे दोन विद्यार्थी एका नव्या शीतयंत्रावर काम करत होते.

४/
अमोनिया पाण्यात शोषून घ्यायचा, उष्णता देऊन पुन्हा वेगळा करायचा आणि त्यातून थंडी मिळवायची, ही कल्पना नवी नव्हती. फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ मध्येच असे यंत्र सिद्ध केले होते. मात्र त्यात द्रव फिरवायला पंप लागे. स्वीडनच्या या जोडीने पंपच काढून टाकला.

५/
त्यांची युक्ती अशी : बंद नळ्यांत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरायचे. खालच्या बॉयलरला ज्योतीची आच दिली की अमोनिया पाण्यातून निसटून वर जातो आणि थंड होऊन द्रवरूप होतो. पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात तो पुन्हा बाष्परूप होतो आणि तसे होताना कपाटातील उष्णता ओढून घेतो. मग पाणी त्याला शोषून घेते आणि गुरुत्वाकर्षणाने तो खाली परततो. चक्र पूर्ण. हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही.

६/
त्या काळी याचे मोल मोठे होते. १९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइडसारखे विषारी वायू वापरले जात आणि हलत्या भागांजवळच्या सीलमधून ते गळत. बर्लिनमधील एका कुटुंबाचा अशाच गळतीने बळी गेल्याची बातमी वाचून अल्बर्ट आइनस्टाइन व्यथित झाले, असे सांगितले जाते. लिओ झिलार्ड यांच्यासह त्यांनी हलत्या भागांविना चालणाऱ्या फ्रिजची रचना केली. तिला १९३० मध्ये अमेरिकी पेटंटही मिळाले.

७/
तो फ्रिज बाजारात आला नाही. त्यांची काही पेटंटे विकत घेतली ती इलेक्ट्रोलक्सने, म्हणजे प्लाटेन-मुंटर्स यांचा शोध १९२५ पासून बाजारात आणणाऱ्या कंपनीने. थोडक्यात, हलणारा भाग नसलेला, वितळजोड करून कायमचा बंद केलेला फ्रिज हा त्या पिढीच्या दृष्टीने सुरक्षिततेचाच आविष्कार होता. एकदा बसवावा आणि विसरून जावे, असे यंत्र.

८/
अमेरिकेत या तंत्राचे हक्क इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिलच्या सर्व्हेल कंपनीकडे गेले. १९३३ ते १९५७ या काळातील तिचे गॅसवरचे फ्रिज दणकट निघाले. रानातील वीज नसलेल्या कुटीरांत ते दशकानुदशके निमूट चालत राहिले. सर्व्हेलने फ्रिजचा धंदा गुंडाळला तरीही फ्रिज चालूच होते.

९/
धोका त्या टिकाऊपणातच दडलेला होता. बर्नरवर काजळी धरली किंवा ज्योत बिघडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होई. रंग नाही, वास नाही. बंद कुटीरात झोपलेली माणसे पुन्हा उठली नाहीत. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला लोकांना विनवावे लागले : हे फ्रिज वापरू नका, मोडीत काढा. मोडीत काढणाऱ्याला शंभर डॉलर देण्याचीही योजना निघाली.

१०/
सर्व्हेल प्रकरणाने एक जुनी अडचण उघडी पाडली. वस्तू माणसापेक्षा आणि कधी कधी कंपनीपेक्षाही जास्त जगते. तिच्यातला दोष कळतो तोवर ती चौथ्या मालकाच्या हाती गेलेली असते. त्या मालकाला सांगायचे कोणी आणि शोधायचे कसे? रिकॉलच्या कायद्याचा इतिहास पाहिला, तर त्यात हा पत्ता शोधण्याचा खटाटोप पुन्हा पुन्हा दिसतो.

११/
१९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाने मोटारउद्योगाला धारेवर धरले. जनरल मोटर्सने त्यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. हे उघड झाले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली.

१२/
या कायद्याने दोष कळवणे बंधनकारक केले, पण सूचना जायची ती मुख्यतः पहिल्या खरेदीदाराला. दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्तीही नव्हती. ती १९७४ च्या दुरुस्तीने आली, आणि वाहनाच्या नोंदणीवरील सध्याच्या मालकापर्यंत पोहोचण्याची वाटही तिनेच रुंद केली. फुकट दुरुस्तीची मुदत आधी ८ वर्षे होती. २००० मध्ये ती १० आणि २०१५ मध्ये १५ वर्षे झाली.

१३/
आता २००६ कडे परत येऊ. १९२२ च्या शोधाचा वंश सरळ इथवर पोहोचतो, कारण डोमेटिक म्हणजे २००१ मध्ये वेगळा झालेला इलेक्ट्रोलक्सचाच एक विभाग. दोष नेमका त्या मूळ कल्पनेच्या केंद्रस्थानी होता : बॉयलरची नळी. वर्षानुवर्षे तापून-निवून पोलादाला सूक्ष्म भेग जाऊ शकत होती. आतील अमोनिया आणि हायड्रोजन मोठ्या दाबाखाली असतात. ते बाहेर फुटणार कुठे, तर जळत्या ज्योतीपाशी.

१४/
या यंत्राला पंप नाही, म्हणून ते गुरुत्वाकर्षणावर विसंबून आहे. गाडी कलत्या जमिनीवर उभी राहिली की द्रव नीट परतत नाही आणि बॉयलर प्रमाणाबाहेर तापतो. नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या क्रोमेटचे अशा वेळी खडे होऊन मार्ग चोंदू शकतो. ज्या गुणाने १९२२ मध्ये जग थक्क झाले, त्याचीच ही दुसरी बाजू. आणि हे यंत्र बसवले होते सतत जागा बदलणाऱ्या घरात.

१५/
२००८ मध्ये डोमेटिकने रिकॉलची व्याप्ती वाढवली आणि एकूण आकडा पंधरा लाखांच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०१० मध्ये नॉरकोल्ड या दुसऱ्या कंपनीच्या बारा घनफुटी ‘१२००’ मालिकेचा मोठा रिकॉल निघाला. दोन्ही कंपन्यांविरुद्ध मालकांचे सामूहिक दावे न्यायालयात गेले.

१६/
यातील उपाय लक्षपूर्वक पाहावेत. डोमेटिकने बर्नरभोवती जादा आवरण आणि अति तापमानाला वितळून पुरवठा तोडणारा फ्यूज दिला. नॉरकोल्डने बॉयलरचे तापमान मर्यादेबाहेर गेल्यास फ्रिज बंद करणारा संवेदक बसवला. म्हणजे नळीला भेग जाणारच नाही, अशी हमी यांपैकी कोणी दिली नाही. भेग गेली तर आग लागू नये, एवढीच ही तजवीज.

१७/
अनेक मालकांना हे खटकले : दुखणे तसेच आणि दाराशी पहारेकरी. दुसरीकडे, पहारेकऱ्याचा कंटाळा करणारेही होते. नॉरकोल्डचा संवेदक फ्रिज बंद करी, तेव्हा चुंबक लावून तो पुन्हा सुरू करण्याची युक्ती मालकांमध्ये पसरली. आतले अन्न नासू नये म्हणून धोक्याची घंटाच गप्प करायची! यंत्राचे ऐकून न घेण्याची ही सवय फ्रिजइतकीच जुनी आहे.

१८/
आणि पत्ता? मोटारीच्या नोंदणीत वाहनाचा क्रमांक असतो, फ्रिजचा नसतो. प्रशासनाने २००६ च्या रिकॉलला दिलेल्या ०६ई-०७६ या क्रमांकातील ‘ई’ अक्षराचा अर्थच ‘उपकरण’. म्हणून केवळ गाडीचा क्रमांक तपासून भागत नाही. फ्रिजचे दार उघडून आतील पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक पाहावा लागतो. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी, किंवा मागच्या मालकाने फ्रिज बदलला असेल तर, सर्वांत भरवशाची नोंद तीच.

१९/
क्रमांक यादीत सापडला तर करायचे काय, हे साधे आहे. फ्रिज गॅस आणि वीज दोन्हींवरून बंद करायचा. केवळ गॅस बंद करून वीज चालू ठेवणे पुरेसे नाही, कारण विजेचा हीटरही तीच नळी तापवतो. मग अधिकृत दुरुस्ती केंद्र गाठायचे. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली, तर गळती झाली असे समजावे. ती पूड म्हणजे बाहेर आलेले क्रोमेट. ते विषारी असते. हात लावू नये.

२०/
भारतात ही वाट उशिरा उघडली. वाहन कंपन्यांनी २०१२ मध्ये स्वेच्छेने रिकॉलची संहिता स्वीकारली. सक्तीचा अधिकार सरकारला मिळाला तो मोटार वाहन (सुधारणा) कायदा २०१९ मधील कलम ११०-अ मुळे, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तेही सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते. धोकादायक घरगुती वस्तू परत मागवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याखाली देऊ शकते.

२१/
प्लाटेन आणि मुंटर्स यांचे यंत्र आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. हॉटेलच्या खोलीत रात्रभर अजिबात आवाज न करणारा छोटा फ्रिज दिसला, तर तो बहुधा याच कुळातला असतो. तिथे ज्योतीच्या जागी विजेचा हीटर असतो, आतले चक्र मात्र १९२२ चेच.

२२/
या शंभर वर्षांत रिकॉलचा कायदा बराच पुढे गेला. तरी त्याचे शेवटचे पाऊल कंपनीच्या किंवा सरकारच्या हाती नाही. २००६ च्या यादीतील एखादा फ्रिज आजही कुठल्या तरी माळावर, चौथ्या-पाचव्या मालकाच्या ट्रेलरमध्ये दूध गार ठेवत असू शकतो. त्या मालकाच्या नावे पत्र कधीच निघालेले नसेल. त्याने भाजीचा डबा बाजूला सारून आतल्या भिंतीवरची ती लहानशी पाटी वाचली, तरच २००६ ची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचेल.