शिरोधर व अक्ष मणक्यांतील स्क्रूच्या खुणा

मानेचा पहिला मणका शिरोधर, दुसरा अक्ष. मस्तक डावी-उजवीकडे वळते ते मुख्यत्वे ह्या दोहोंमधील सांध्यांमुळे. ते निसटले, तर मज्जारज्जू दबून हातपाय लुळे पडतात. प्रसंगी श्वासही थांबतो. सुश्रुताने मस्तक व मान यांच्या संधिस्थानी ‘कृकाटिका’ हे मर्म मानले, आणि त्याच्या आघाताचा परिणाम म्हणून मस्तकाची अस्थिरताच सांगितली, हे येथे लक्षणीय होय.

ह्या सांध्यांच्या स्थिरीकरणाचा इतिहास सामान्यतः तारा, स्क्रू व पट्ट्या यांच्या नामावळीने सांगितला जातो. शस्त्रवैद्याने खूण कशाला मानले, हा प्रश्न त्याहून मूलगामी आहे. १९१० साली मिक्स्टर व ऑस्गुड यांनी रेशमी दोऱ्याने, तर १९३९ साली गॅली यांनी तार व अस्थिकलम यांच्या साहाय्याने मणके बांधले. आधार मागून सहज दिसणाऱ्या कमानीचा. शिरोधराची कमान भंगलेली वा जन्मतः अपुरी असली, की उपाय खुंटे. १९७९ साली माग्येर्ल यांनी अक्षाच्या मागून निघून सांधा भेदीत शिरोधरात शिरणारा स्क्रू योजिला. पकड भक्कम झाली. परंतु मार्ग लांब, तिरपा आणि बव्हंशी क्ष-किरणांच्या भरवशावरचा. शिवाय कशेरुकी रोहिणी अक्षाच्या वरच्या सांधेपृष्ठाखालूनच वळण घेते. ते वळण उंच असल्यास ह्या मार्गाला जागाच उरत नाही.

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात अतुल गोयल यांनी १९८८ पासून निराळी वाट धरली. विजय लहेरी यांच्यासह त्यांनी ३० रुग्णांचा अनुभव १९९४ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या ग्रीवा-मज्जातंतूची गुच्छिका छेदून सांधा व शिरोधराचा पार्श्वपिंड प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आणावयाचा, दोन्ही मणक्यांत स्वतंत्र स्क्रू घालावयाचे आणि ते पट्टीने जोडावयाचे, अशी ही रीत. पार्श्वपिंडाच्या मागील पृष्ठाचा मध्य, सांधेपृष्ठापासून एक-दोन मिलिमीटर वर, ही प्रवेशाची खूण; दिशा सुमारे १५ अंश आत व १५ अंश वर. अक्षात मात्र आतला कल सुमारे २५ अंशांचा. बाहेर रोहिणी, आत मज्जारज्जू. चुकीला वाव अल्पच. गुच्छिका छेदल्याने डोक्याच्या मागील भागास बधिरता येते, आणि भोवतीच्या शिराजालातून रक्तस्राव बराच होऊ शकतो. ही किंमत लहान नव्हे.

२००१ साली जर्मनीतील हार्म्स व मेल्चर यांनी मज्जातंतू राखून, तो खाली ओढून, फिरत्या डोक्याचे स्क्रू व दांडे वापरले. पार्श्वपिंड व अक्ष यांत स्वतंत्र स्क्रू हे तत्त्व परळचेच असूनही पाश्चात्त्य लेखनात पुष्कळदा एकट्या हार्म्स यांचेच नाव आढळते. ‘गोयल-हार्म्स’ हा जोडशब्द अधिक न्याय्य. तथापि गुच्छिका छेदण्याचा लाभ केवळ खुणा दिसण्यापुरता नव्हता. सांधाच खुला झाल्याने त्याची पृष्ठे फाकवून मध्ये आधार बसविणे शक्य झाले. अक्षाचा दंतक कवटीच्या तळात वर घुसलेल्या रुग्णांवर गोयल यांनी हाच उपाय योजिला व २००४ साली प्रसिद्ध केला.