कमला सोहोनी आणि कडधान्यातला अडसर

1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने कमला भागवत यांना प्रवेश नाकारला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्या हटून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर का होईना, आत शिरल्या. दुर्गाबाई भागवतांच्या याच भगिनी पुढे केंब्रिजहून डॉक्टरेट मिळवून (1939) कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी घेतलेला प्रश्न मात्र आपल्या ताटातला होता. स्वादुपिंडातून निघणारे ट्रिप्सिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, लहान आतड्यात प्रथिनांच्या साखळ्या तोडते. कच्च्या कडधान्यांत त्यालाच जखडणारी द्रव्ये असतात. मग खाल्लेले प्रथिन पुरते अंगी लागत नाही. डाळ हेच ज्यांचे मुख्य प्रथिन, त्यांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती. नीट शिजवल्यावर ती द्रव्ये बहुतांशी निकामी होतात.