बालवीर चळवळ आणि सामायिक चिन्हाचा प्रश्न : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

दोराच्या गाठी मारणे, पावलांचा माग काढणे, ताऱ्यांवरून दिशा ओळखणे, तीन दगडांची चूल मांडणे, मिळेल त्या साहित्यातून निवारा उभारणे ही कौशल्ये मानवाने उपजीविकेसाठी आत्मसात केली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी याच कौशल्यांना छंदाचे आणि शिक्षणाचे रूप प्राप्त झाले. बालवीर चळवळ, म्हणजेच स्काऊट चळवळ, हे त्या रूपाचे सर्वांत संघटित उदाहरण होय. या चळवळीला आरंभापासून गणवेश, बिल्ला, गळ्यातील स्कार्फ, ध्वज आणि वचन यांची जोड मिळाली. अशा छंदाला सामायिक ओळखचिन्हाची खरोखर आवश्यकता असते काय, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या या जिल्ह्यातील मोठा श्रमिक वर्ग दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतो आणि वर्षातील अनेक महिने उघड्यावर काढतो. शाळेच्या मैदानावर जे कौशल्य बिल्ल्यास पात्र ठरते, तेच कौशल्य उसाच्या फडात रोजच्या कष्टाचा भाग असते. या विसंगतीचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) बालवीर चळवळीतील चिन्हाचा उगम व त्याचे कार्य समजून घेणे. २) भारतातील बालवीर संघटनांच्या फुटीत व एकीकरणात चिन्हाची भूमिका तपासणे. ३) बीड जिल्ह्यातील चिन्हरहित कौशल्यांच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

चिन्हाचा उगम :

स्काऊट चिन्हाचा इतिहास इंग्लंडपासून सुरू होत नाही, तर तो भारतातील लष्करी छावणीपासून सुरू होतो. रॉबर्ट बेडन-पॉवेल हे १८७६ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून भारतात आले. १८९७ नंतर मेरठ येथे घोडदळाच्या पलटणीचे नेतृत्व करीत असताना त्यांनी टेहळणीचे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या सैनिकांना एक पितळी बिल्ला देण्यास प्रारंभ केला. जुन्या होकायंत्रावर उत्तर दिशा दाखविण्यासाठी लिलीच्या फुलासारखी जी आकृती काढली जात असे, तीच आकृती या बिल्ल्यावर होती. या चिन्हाचा मूळ अर्थ असा व्यावहारिक होता : हा सैनिक वाट चुकणार नाही व इतरांना वाट दाखवील. ती कौशल्याची पावती होती. जात, धर्म वा निष्ठा यांची खूण नव्हती.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर भरलेल्या पहिल्या प्रायोगिक शिबिरात सुमारे वीस मुले होती. त्यांपैकी काही उच्चभ्रू निवासी शाळांतील, तर काही श्रमिक कुटुंबांतील होती. त्यांचे चार संघ करण्यात आले, प्रत्येक संघास पशुपक्ष्याचे नाव देण्यात आले आणि खांद्यावर संघाच्या रंगाची फीत लावण्यात आली. वर्गभेदाने विभागलेल्या इंग्रजी समाजात ही छोटी फीत महत्त्वाची ठरली. गिरणी कामगाराचा मुलगा आणि जमीनदाराचा मुलगा यांना एका चुलीभोवती बसविण्यास काही निमित्त हवे होते, ते या फितीने पुरविले. १९०८ मध्ये ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि चळवळ जगभर पसरली. चिन्हाचे दुसरे कार्य येथे स्पष्ट होते. ते अपरिचितांना परस्परांची ओळख पटवून देते.

भारतातील फूट : कौशल्य एक, चिन्हे अनेक

भारतात १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिले पथक स्थापन केले. मात्र हे पथक युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरते मर्यादित होते. भारतीय मुलांना माग काढणे, संकेत देणे, शिबिर उभारणे या गोष्टी शिकविल्यास त्यांचा उपयोग क्रांतिकार्यासाठी होईल, अशी भीती शासनास वाटत होती. म्हणजेच कौशल्य कोणाच्या हाती आहे, यावर त्याचे मूल्य ठरत होते.

या बहिष्कारास उत्तर म्हणून स्वतंत्र संघटना उदयास आल्या. १९१६ मध्ये मद्रास येथे डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या सहकार्याने भारतीय मुलांसाठी संघटना स्थापन केली आणि टोपीऐवजी पागोट्याचा स्वीकार केला. १९१८ च्या सुमारास पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने अलाहाबाद येथे सेवा समितीची बालवीर संघटना उभी राहिली. मध्य प्रांतात नागपूरचे विव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, यांनीही या कार्यास चालना दिली.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल यांच्या भारतभेटीनंतर अनेक संघटना एकत्र आल्या; परंतु सेवा समिती वेगळी राहिली. मतभेदाचा गाभा वचनात होता. राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची की देशनिष्ठेची, हा तो प्रश्न होता. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी केलेल्या विधानांमुळे असंतोष वाढला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशनची स्थापना झाली. येथे एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या सर्व संघटनांमध्ये गाठी त्याच होत्या, शेकोटी तीच होती, प्रथमोपचारही तेच होते. वाद कौशल्याचा नव्हता. तो शिरोवेष, शपथ व ध्वज यांचा होता.

मराठवाड्यात याच काळात चिन्हाचा प्रश्न किती तीव्र होता, हे वंदे मातरम् आंदोलनावरून दिसून येते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९३८ च्या अखेरीस संस्थानातील वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यास मनाई करण्यात आली. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. अनेकांना शिक्षणसंस्थेतून काढून टाकण्यात आले व त्यांपैकी बऱ्याच जणांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. ज्या प्रदेशात एका गीतासाठी विद्यार्थ्यांनी शिक्षण पणास लावले, तेथे चिन्हाचा प्रश्न गौण मानता येत नाही.

एकीकरण व चिन्हाची पुनर्रचना :

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू व शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या प्रयत्नांतून या संघटनांचे विलीनीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही संस्था अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत सामील झाली. नव्या चिन्हात स्काऊटची लिली-आकृती, गाईडचे त्रिदल आणि मध्यभागी अशोकचक्र यांचा संयोग करण्यात आला. जुने चिन्ह टाकून न देता त्यात सर्वांना जागा करून देण्यात आली. वचनातील ईश्वर या शब्दाच्या जागी इच्छेनुसार धर्म हा शब्द वापरण्याची मुभाही देण्यात आली. तीस वर्षांचा वाद ज्या दोन गोष्टींभोवती होता, त्या दोन्ही, म्हणजे चिन्ह आणि शपथ, काही प्रमाणात खुल्या ठेवल्यानेच एकीकरण शक्य झाले, असे म्हणता येईल.

चिन्हाशिवाय कौशल्य : बीड जिल्ह्याचा अनुभव

यापुढे प्रश्नाची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. ज्यांच्याजवळ कौशल्य आहे पण चिन्ह नाही, त्यांचे काय झाले?

पारधी समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फासे लावणे, पक्ष्यांचे आवाज काढणे, ठशांवरून प्राण्याचा माग घेणे हे या समाजाचे परंपरागत ज्ञान होय. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची व्यवस्था निर्माण केली आणि १९११ च्या कायद्याने तिची व्याप्ती वाढविली. नोंदणी, हजेरी व हालचालींवर निर्बंध त्यांच्या वाट्यास आले. ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ आणि १९११ चा कायदा यांत केवळ तीन वर्षांचे अंतर आहे. एकाच साम्राज्यात माग काढणाऱ्या एका मुलास बिल्ला मिळत होता, तर दुसऱ्याचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत जात होते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी बीडसह मराठवाड्यातील पारधी वस्त्यांवरील संशयाची छाया पूर्णतः दूर झालेली नाही. चिन्ह निवडलेले असते तेव्हा ते प्रतिष्ठा देते. लादलेले असते तेव्हा तो कलंक होतो.

ऊसतोड कामगारांची स्थिती याहून वेगळी असली तरी तिच्याशी नाते सांगणारी आहे. तोडणीसाठी जाणाऱ्या पतिपत्नीच्या जोडीस ‘एक कोयता’ असे म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्यावर मोजली जाते. येथे अवजार हेच माणसाचे ओळखचिन्ह झाले आहे, पण ते त्याच्या कौशल्याचा गौरव करीत नाही. त्याच्या श्रमाची मोजदाद करते. या कुटुंबातील मुले कोपी उभारतात, उघड्यावर चूल पेटवितात, उसाच्या वाढ्यांना पीळ देऊन मोळी बांधतात. शाळेतील पथकात रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच या इंग्रजी नावांच्या गाठी शिकविल्या जातात. वाढ्याच्या गाठीस अभ्यासक्रमात स्थान नाही. तोडणीचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. शालेय वर्षाचा मुख्य भाग, म्हणजे पथकाच्या शिबिरांचा व चाचण्यांचा काळही हाच. परिणामी ज्या मुलास कौशल्य अवगत आहे, तेच सोपानांच्या पायऱ्यांपासून दूर राहते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, चिन्हावाचूनही छंद टिकतो. महाराष्ट्रातील दुर्गभ्रमण हे त्याचे उदाहरण होय. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या गिरिविहारपासून अनेक संस्थांनी आपापली बोधचिन्हे स्वीकारली, तथापि सर्व दुर्गप्रेमींचा एकच बिल्ला असा कधी नव्हता. धारूरच्या किल्ल्यावर जाणाऱ्यास कोणतेही वचन घ्यावे लागत नाही. हा आक्षेप ग्राह्य आहे. मात्र त्यातूनच मूळ मुद्दा स्पष्ट होतो. दुर्गभ्रमण मित्रमंडळींच्या परिचयावर चालते. जेथे परस्परांस न ओळखणाऱ्या, भिन्न स्तरांतील मुलांना एकत्र आणावयाचे असते, तेथे केवळ परिचय पुरेसा ठरत नाही.

निष्कर्ष :

१) कौशल्यास चिन्हाची आवश्यकता नसते, संस्थेस असते. गाठ बिल्ल्याविनाही पक्की बसते, परंतु अपरिचितांमधील विश्वासास दृश्य आधार लागतो.

२) भारतातील बालवीर संघटनांची फूट ही कौशल्यावरून झाली नाही. ती प्रामुख्याने निष्ठेच्या चिन्हांवरून झाली आणि चिन्ह अधिक समावेशक केल्यावर मिटली.

३) चिन्ह हे प्रवेशद्वार ठरू शकते, तसेच कुंपणही. पारधी व ऊसतोड कामगार यांच्या उदाहरणांवरून असे दिसते की, चिन्ह देणारी व्यवस्था कोणाचे कौशल्य पाहते आणि कोणाचे पाहत नाही, हाच खरा प्रश्न आहे.

समारोप :

बीड जिल्ह्यापुरता विचार केल्यास या निष्कर्षांतून एक व्यावहारिक दिशा मिळते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांमध्ये पथके सुरू करणे, शाळेबाहेरील मुक्त पथकांचा मार्ग वापरणे आणि मोळीची गाठ, कोपीची उभारणी, ठशांचे ज्ञान यांना प्रात्यक्षिकात स्थान देणे शक्य आहे. महाविद्यालयांतील रोव्हर-रेंजर पथके व राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांना या कामी पुढाकार घेता येईल. मेरठच्या छावणीत तो पितळी बिल्ला प्रथम दिला गेला, तेव्हा त्याने एवढेच सांगितले होते की, यास वाट ठाऊक आहे. फडातून परतणाऱ्या मुलासही वाट ठाऊक असते. ती मान्य करणारे चिन्हच सामायिक म्हणविण्यास पात्र ठरेल.