बेचाळीस पैशांचा उजेड : भारनियमनमुक्तीचे ‘पुणे मॉडेल’

१/ सन २००६. महाराष्ट्रात विजेची मागणी पुरवठ्याच्या फार पुढे गेली होती. २००१ साली बंद पडलेला दाभोळ प्रकल्प अद्याप सावरला नव्हता. खेडी तासन्‌तास अंधारात होती आणि शहरांनाही भारनियमन चुकत नव्हते.

२/ पुणे व पिंपरी-चिंचवड परिसराची तूट सुमारे ९० मेगावॉट होती. नवे वीजकेंद्र उभारण्यास वर्षे लागली असती. मात्र जवळजवळ तेवढीच क्षमता याच औद्योगिक पट्ट्यात तयार होती : कारखान्यांच्या आवारातील डिझेल जनित्रे. वीज गेली की ती धडधडत. एरवी ती स्वस्थ उभी असत.

३/ ‘सीआयआय’ या उद्योजकांच्या संघटनेने तोडगा मांडला. मागणीच्या ऐन वेळी कारखान्यांनी स्वतःची जनित्रे चालवावीत. त्यामुळे वाचणारी महावितरणची वीज घरांना व दुकानांना मिळावी. नवी तार नको, नवे केंद्र नको.

४/ अडचण पैशांची होती. डिझेलची वीज प्रतियुनिट सुमारे ११ रुपयांना पडे. महावितरणची वीज त्याच्या निम्म्याहूनही स्वस्त होती. हा फरक कारखान्यांनी का सोसावा?

५/ महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन योजनेस मान्यता दिली. फरकाची रक्कम शहरातील ग्राहकांनीच भरावी असे ठरले. दर ठरला प्रतियुनिट ४२ पैसे. महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांना त्यातून वगळले. जूनमध्ये योजना सुरू झाली.

६/ या हिशेबाचे मर्म असे : महाग वीज थोडी होती आणि तिचा भार वाटून घेणारे पुष्कळ होते. म्हणूनच ११ रुपयांचे ओझे पैशांत मोजता आले. आणि ज्यांचा वापर कमी, त्यांच्यावर ते पडलेच नाही.

७/ तरीही एक प्रश्न उरला. ज्या शहराला पैसे मोजणे परवडते, त्याने अंधारातून सुटका विकत घ्यावी काय? समर्थकांचे उत्तर होते की ही वीज कोणाच्या वाट्यातून काढलेली नाही. ती नव्याने निर्माण होते. ते खरे होते. पण खेड्यांजवळ ना अशी जनित्रे होती, ना जादा आकार भरणारे ग्राहक.

८/ पुढे डिझेलची जागा बाहेरून विकत घेतलेल्या विजेने घेतली. ठाणे, नवी मुंबई या शहरांतही अशा योजना आल्या. तेव्हा मात्र समर्थकांचे जुने उत्तर दुबळे झाले : बाजारातील तुटपुंजी वीज ज्याची ऐपत, त्याच्याकडे वळू लागली.

९/ विजेचा इतिहास धरणांचा आणि धुराड्यांचा असतो, तसाच तो बिलाचाही असतो. बिलात कोणाचे नाव घालायचे आणि कोणाचे वगळायचे, यावर उजेडाची वाटणी ठरते.