हिवतापाचें गणित आणि गुरांचा रकाना

हिवतापाचा इतिहास लिहूं पाहणारा संशोधक बहुधा मृत्यूंचे आंकडे शोधतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचा अहमदनगर, या जिल्ह्यापुरतें आमचें मत निराळें आहे. येथें खानेसुमारींतील गुरांचा रकाना प्रथम पाहावा. असें कां, हें रोनाल्ड रॉस यांच्या गणितावरून कळतें.

रॉस यांनीं 1897 सालीं सिकंदराबादेस डासाच्या पोटांत हिवतापाचे जंतु पाहिले आणि 1908 च्या मॉरिशसवरील अहवालांत व 1911 च्या ग्रंथांत प्रसाराचा हिशेब मांडला. त्याची रीत अशी. हजार वस्तीच्या गांवीं एकच रोगी आहे व तो महिन्याभरांत बरा होतो, असें धरूं. त्या महिन्यांत 48,000 डास निपजले व पैकीं चौथाई, म्हणजे 12,000, माणसांस चावले. त्यांतले 12 च त्या रोग्यास चावणार. डासाच्या अंगीं जंतु पक्व होण्यास दहाबारा दिवस लागतात; तोंवर तिसरा हिस्सा जगला, तर उरले 4. त्यांपैकीं पुनः चौथाई, म्हणजे 1, माणसास चावतो. एका रोग्यामागें एक नवा रोगी. डास याहून कमी झाले कीं रोग ओसरूं लागतो. ते निःशेष व्हावयास नकोत.

या हिशेबांत चौथाई दोनदां आली आहे. गोठ्यांतील गुरांमुळें ती अष्टमांश झाली, तर रोग टिकण्यास 1,92,000 डास लागतील. दुप्पट नव्हे, चौपट. दख्खनच्या खेड्यांतील प्रमुख वाहक, अनॉफिलीस क्युलिसिफेसीज, हा तर गुरांच्याच रक्ताचा अधिक लोभी. (गुरें वाढलीं कीं डासांचें पोषणही वाढतें, हा आक्षेप खरा, परंतु गुरांची संख्या ठाऊक असल्यावांचून तोही तोलतां येत नाहीं.)

प्रवरेवरील भंडारदरा धरण 1910 ते 1926 या काळांत बांधलें गेलें व पाटाचें पाणी कोरड्या मुलखांत आलें. पाझराचीं डबकीं व तुंबलेल्या चाऱ्या यांत हा डास वाढतो. म्हणून पाटापूर्वींची व नंतरची स्थिति ताडून पाहण्यास संगमनेर-राहुरीकडील गांवें सोयीचीं आहेत.

जुन्या खानेसुमारींत घरें, माणसें, बैल, गाई, म्हशी यांची मोजदाद आढळते. संग्राहक सनदा व पत्रें जपतात. असल्या याद्या व विहिरी-पाटांच्या नोंदी मात्र रद्दींत जातात. ज्यांच्यापाशीं अकोलें, संगमनेर, राहुरी, नेवासें येथील कुलकर्णी-दप्तरांचे रुमाल असतील, त्यांनीं गुरांचे आंकडे सनवार उतरून मंडळाकडे धाडावे, अशी विनंति आहे.