बोगनवेलीचा खातेदार

विलायतेत म्हणे हेलेबोर नावाचं एक फूलझाड असतं. बर्फ पुरता वितळायच्या आत ते फुलतं आणि तिकडची पेन्शनर मंडळी सरत्या थंडीत त्याच्याकडे बघत दिवस काढतात. आमच्या साताऱ्यात बर्फ पडत नाही. पण माघ संपत आला की अजिंक्यताऱ्यावरचं गवत वाळतं, अंगणातली शेवंती मान टाकते, आणि त्या उदास पंधरवड्यात कुंपणावर एकटी नटूनथटून उभी असते ती बोगनवेल.

हा शब्द मला चाळीस वर्षं अस्सल मराठी वाटत होता. कारल्याची वेल, गुळवेल, तशी बोगनवेल! हा बोगन कोण, ही चौकशी करण्याची बुद्धी बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हती. बँकेतही आम्ही खातेदाराची सही ताडून बघतो, आडनावाचा अर्थ विचारत नाही.

तर हा बोगन म्हणजे लुई आंत्वान द बूगँव्हील, फ्रेंच दर्यावर्दी. 1766 साली तो जगप्रदक्षिणेला निघाला. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर रामराजे होते आणि कारभार पुण्याहून माधवराव पेशवे पाहत होते. म्हणजे नाव एकाचं, काम दुसऱ्याचं ही रीत आमच्या गावाला काही नवी नाही. बूगँव्हीलच्या मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजावर फिलिबेर कॉमेर्साँ नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. 1767 मध्ये जहाजं ब्राझीलमध्ये रिओला लागली, तिथे ही वेल सापडली आणि कॉमेर्साँसाहेबांनी ती आपल्या कप्तानाच्या नावावर जमा केली. साहेबाच्या नावाने काही ना काही करण्याची ही कला आमच्या खात्यातही बऱ्यापैकी विकसित आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. कॉमेर्साँचा पाय तेव्हा जखमेने चांगलाच धरला होता. मग डोंगर कोण चढलं? ओझी कोणी वाहिली? तर त्यांचा नोकर. आणि हा नोकर म्हणजे झान बारे नावाची बाई! फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना मनाई होती, म्हणून ती पुरुषी कपडे घालून चढली होती. बरगंडीतल्या खेड्यात वाढलेली, झाडपाल्याची जाणकार. ती वेल प्रथम तिच्याच हाती लागली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. 1768 मध्ये ताहिती बेटावर तिचं बिंग फुटलं. पुढे मॉरिशसमध्ये कॉमेर्साँ 1773 मध्ये वारले, बाईंनी तिथेच एका फ्रेंच शिपायाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर त्या मायदेशी परतल्या. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केलेली माहीत असलेली पहिली बाई ती हीच. 1785 मध्ये सरकारने तिला वर्षाला दोनशे लिव्हरची पेन्शन दिली. (पेन्शन मिळाली हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या जातीला त्यातलं कळतं.)

कॉमेर्साँने एका झाडाला तिचं नाव द्यायचं योजलं होतं, पण ते टिकलं नाही. अखेर 2012 साली दक्षिण अमेरिकेतल्या एका वनस्पतीला तिचं नाव मिळालं. ती वनस्पती कुठल्या कुळातली? वांग्या-बटाट्याच्या! कप्तानाला वेल आणि बाईला भाजी. हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सौ. मेथी निवडत होती. ती काही बोलली नाही.

आमची वेल सांगलीची. म्हणजे तिच्या माहेरच्या कुंपणावरची. माझी साताऱ्याला बदली झाली तेव्हा तिने सांगलीतली शाळेची नोकरी सोडली, आणि सामानाच्या ट्रकमध्ये, कपाट आणि गादीच्या मधल्या फटीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली वीतभर काडी आणली. काडी जगली. मग मी उत्साहाने रोज दोन बादल्या पाणी घालायला लागलो. वेल अशी काही माजली की शेजारच्यांच्या वाळवणावर सावली पडू लागली, पण फूल म्हणून एक नाही. नुसता पाला आणि काटे.

शेवटी ही म्हणाली, "अहो, पाणी तोडा तिचं. आटपाडीचे डाळिंबवाले बहर धरायच्या आधी ताण देतात, तसा ताण द्यायचा. सुख झालं की ती पानंच काढते."

नोव्हेंबरपासून तिने बादली माझ्या हातून काढून घेतली. फेब्रुवारीत कुंपण पेटल्यासारखं लाल-जांभळं झालं. त्यातही फसवणूक आहेच म्हणा. ज्याला आपण फूल म्हणतो ती रंगीत पानं. खरं फूल त्या तीन पानांच्या मधे, पांढरट, नळीसारखं, इवलंसं. बघायचं तर चष्मा लावून वाकावं लागतं.

यंदा कॉलनीत बागांची स्पर्धा झाली. आमच्या वेलीला दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर सुबक अक्षरात माझं नाव होतं. लोकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, एका गृहस्थांनी मला खतांबद्दल सल्ला विचारला आणि मी तो दिलासुद्धा!

रात्री जेवणं झाल्यावर मी पेन काढलं, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. खाडाखोड विनासहीची चालत नाही, म्हणून बाजूला छोटी सही केली, तारीख घातली.

तिने ते दिव्याखाली धरून पाहिलं. मग म्हणाली, "सासरचं लिहिलंत. काडी माहेरची होती."

मी पुन्हा पेनाचं टोपण काढलं.