घाटाचे कंत्राट



काही वर्षांपूर्वी आमच्या एका संस्थेच्या इमारतीसाठी टेंडरे उघडली गेली, तेव्हा मी त्या समितीवर होतो. चार लखोटे आले होते. पहिल्या पाच मिनिटांतच तीन गोष्टी एकमताने ठरून गेल्या. ज्याने मोठी कामे केली आहेत तो भरवशाचा. ज्याचा आकडा कमी तो आपल्या हिताचा. आणि एकदा करारावर सही झाली की जोखीम त्याची, आपली नव्हे. पुढे त्या इमारतीचे काय झाले ते सांगत बसत नाही. श्रावणात तिच्या गच्चीखाली जे बसतात त्यांना ते ठाऊक आहे. परंतु या समजुतींवर कुणी एक प्रश्नही विचारला नाही, मीही नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणून आज आपल्यापुढे एका फार मोठ्या कंपनीच्या फार मोठ्या कंत्राटाची हकीकत ठेवतो.

ही कंपनी म्हणजे जी. आय. पी. रेल्वे. 16 एप्रिल 1853 रोजी तिची पहिली गाडी मुंबईहून ठाण्याला गेली, आणि पुढच्याच महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. या दोन घटना जवळजवळ घडल्या हे ध्यानी ठेवण्यासारखे आहे. आपला कापूस तेव्हा बैलांच्या पाठीवरून एक तर दूर गंगाकाठी मिर्झापूरला जाई, नाही तर सह्याद्री उतरून मुंबईला. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी यांतून उरेल तो व्यापाऱ्याचा. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर या काळ्या मातीवर होती. मध्ये आडवा होता तो सह्याद्री. तो दोन ठिकाणी ओलांडायचा ठरला. कसाऱ्याजवळचा थळघाट नाशिक-भुसावळकडे, म्हणजे आपल्या अकोल्या-बडनेऱ्याकडे येणारा. आणि खंडाळ्याचा बोरघाट पुण्याकडे जाणारा. आपला घाट थळचा खरा, पण कंत्राटाचे शहाणपण शिकायचे तर बोरघाटच पाहिला पाहिजे.

सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढायचे, सदतीस फुटांना एक फूट असा उभा चढ, 25 बोगदे, आणि दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली याने आखणीवर अपार श्रम घेतले होते. हे काम 1855 साली दिले गेले ते विल्यम फॅव्हिएल याला. का, तर मुंबई-ठाणे मार्ग बांधणारी फॅव्हिएल आणि फौलर ही जोडी, त्यांतला हा. अनुभवी, इंग्रज आणि कंपनीच्या माहितीतला! आमच्या समितीनेही त्यालाच निवडले असते.

आता या पहिल्या समजुतीकडे जरा निरखून पाहा. ठाण्याचा मार्ग सपाटीवरचा. सामान गलबताने येई, मजूर आसपासच्या वस्तीतले. घाटात काय होते? कित्येक बोगद्यांच्या तोंडापाशी उभे राहायला जागा नव्हती. माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडून सुरुंगाची भोके पाडावी लागत. पावसाळ्यात काम बंद. उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. हजारो माणसे बायकामुलांसह झोपड्यांत राहणार, त्यांना धान्य कोण पुरवणार, पटकी आली तर काय करणार? म्हणजे रूळ टाकण्याच्या अनुभवापेक्षा डोंगरावर एक गाव वसवून चालवण्याचा अनुभव येथे हवा होता. ठाण्याच्या यशाने तो सिद्ध झाला नव्हता. यश एका कामाचे आणि विश्वास दुसऱ्या कामावर, हा व्यवहार आपण नेहमीच करतो.

दुसरे असे की, कंत्राटदार म्हणून ज्याचे नाव कागदावर असते तो काम करत नसतो. फॅव्हिएलच्या हाताखाली लहान कंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सर्वांत खाली कुदळ-पहार धरणारा. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थांबे. पगार कधी उशिरा मिळे, कधी ठरल्यापेक्षा कमी. करारातला आकडा अपुरा पडला तर तो भरून निघण्याची जागा शेवटच्या पायरीवरच असते. जानेवारी 1859 मध्ये बोरघाटातील मजूर उठले, दंगा झाला. सरकारला चौकशी करावी लागली, आणि पगाराची थकबाकी ही त्या असंतोषाच्या मुळाशी असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी फॅव्हिएलने कंत्राट सोडले.

जोखीम त्याची, आपली नव्हे, असे म्हणणाऱ्या कंपनीला मग स्वतःच्या इंजिनियरांकडून काम चालू ठेवावे लागले. पुढे विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आला, तोही मोठा नावाजलेला. तो येथे पोचल्यावर काही आठवड्यांतच वारला. आणि मग कोणाच्याही हिशेबात नसलेली गोष्ट घडली. त्याच्या विधवा पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट सोडले नाही. घाट माहीत असलेले अॅडम्सन आणि क्लाउझर हे दोघे व्यवस्थापक नेमून तिने काम चालवले. 1861 मध्ये घाटावर 42,000 हून अधिक माणसे राबत होती. 21 एप्रिल 1863 रोजी बोरघाट खुला झाला. एखाद्या विधवा बाईने टेंडर भरले असते, तर लंडनच्या संचालकांनी तो लखोटा उघडला तरी असता काय?

या संदर्भात जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराचेही नाव घेतले पाहिजे. सुतारकामातून वर आलेल्या या गृहस्थाने जी. आय. पी.ची कामे घेतली आणि इंजिनियरांचे समाधान होईल अशी ती पुरी केली. तरी मोठ्या कामाला मोठा इंग्रजच हवा, ही समजूत सुटली नाही.

कमी आकडा आपल्या हिताचा, असे मी म्हणालो. पण "आपल्या" म्हणजे कोणाच्या? कंपनीला सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून भरायची. ज्यांनी कंत्राटदार निवडला त्यांच्या खिशाला चुकीची झळ लागायची नव्हती. ज्यांना झळ लागली ते निवडीच्या वेळी खोलीत नव्हते. पटकीने आणि तापाने घाटात मेलेले तर नव्हतेच नव्हते.

जुलै 1867 मध्ये बोरघाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला, आणि कंपनीला आपली बांधकामे पुन्हा तपासत बसावे लागले. त्याच वर्षी आपली रेल्वे नागपूरला पोचली. अमेरिकेतले यादवी युद्ध, ज्याने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता, ते संपून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

1859 सालच्या दंग्यांनंतर, 1860 मध्ये, सरकारने एक कायदा केला. रेल्वे, कालवे वगैरे कामांवरील मालक-मजुरांचे पगाराचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, असा त्याचा हेतू. त्यात थकलेला पगार वसूल करण्याची सोय होती. आणि करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची शिक्षाही होती.

आमच्या संस्थेच्या गच्चीच्या दुरुस्तीची टेंडरे आता निघायची आहेत. मजुरांना पगार किती दिवसांनी देता आणि कोणामार्फत देता, असा एक रकाना फॉर्मात घालावा, असे मी समितीला लिहून दिले आहे. सभेच्या दोन बैठका झाल्या. तो विषय वेळेअभावी पुढे ढकलला आहे.